सगुणाच्या काळजातली साखर

साखरेचा आजार असलेली बाई तुमच्यासमोर घामाघूम होऊन काहीबाही बडबडायला लागली, तर तिला चमचाभर साखर द्याल का? विचार नका करू, पटकन सांगा. "छे, तिला साखर कशी चालेल?" हेच आलं ना मनात? मग तुम्ही आमच्या चेंदणी कोळीवाड्यातल्या शहाण्यांपैकीच. आम्हीही तेच म्हणालेलो. सगळ्यात मोठ्याने मी.

ही गोष्ट सगुणाची आहे. धाकू कोळ्याची बायको. एक्क्याण्णव साली पंचेचाळिशीला टेकलेली, काटक, नऊवारीचा काष्टा घट्ट, आणि जीभ तिखट. सकाळी डोक्यावर मासळीची पाटी घेऊन ठाण्याच्या खाडीवरून निघायची ती पायी माजिवड्यापर्यंत. रिक्षा नाही, बस नाही. तिथल्या नव्या बिल्डिंगींतल्या बाया गॅलरीतून विचारायच्या, "मावशी, पापलेट ताजं आहे ना?"

"नाय बाय," ही खालून ओरडायची, "तुजी वाट बगून बगून म्हातारं झालं!"

माझं घर कोळीवाड्याला लागून. आम्ही मूळचे देशावरचे, मासळीतलं मला ओ की ठो कळत नाही, पण रेशनकार्डापासून नळाच्या जोडणीपर्यंत कोळीवाड्यातला प्रत्येक कागद माझ्या हातून जायचा, आणि मोर्चाही माझ्याच पुढाकाराने निघायचा. शाळा सातवीपर्यंत. बाकीचं सगळं कचेऱ्यांच्या बाकड्यांवर बसून शिकलो. सगुणा मला 'उत्तमभाऊ' म्हणायची, आणि रागावली की नुसतं 'उत्तमा'.

तिला साखर झालेली शहाऐंशीत. गोळ्यांनी भागेना, म्हणून नौपाड्यातल्या डॉक्टर प्रमोदिनीबाईंनी इन्सुलिनची सुई सुरू केली, सकाळ-संध्याकाळ. बाई पुण्याकडच्या, बोलणं शुद्ध, स्वभाव कडक. त्यांनी सगुणाकडून वदवून घेतलेलं, "जग इकडचं तिकडे झालं तरी सुई चुकवणार नाही." सगुणाने गळ्याला हात लावून शपथ घेतली. ही शपथ लक्षात ठेवा. पुढचा सगळा घोळ तिच्यात आहे.

एक्क्याण्णवच्या शिमग्यात ती पहिल्यांदा पडली. होड्या लावतात तिथे उभी होती, बोलता बोलता शब्द अडखळले, अंगाला दरदरून घाम, हात थरथरायला लागले. म्हाताऱ्या म्हणाल्या, देवी आली अंगात. कुणी कुंकू आणलं, कुणी लिंबू उतरवलं. एक पोरगी तेवढी साखरेची वाटी घेऊन धावत आली, तर तिच्या हातावर मीच फटका मारला. "अगं, वेडी आहेस का? साखरेची बाई ती! मारून टाकशील!"

वाटी वाळूत सांडली. सगुणा तिथेच कोसळली.

धाकूने हातगाडीवर घालून तिला बाईंकडे नेलं म्हणून वाचली. बाई आमच्यावर अशा भडकल्या, की मोर्च्यात पोलीससुद्धा माझ्याशी तसं बोललेला नाही. "हिची साखर वाढलेली नाही, पार खाली गेली आहे! त्या मुलीला समजलं ते तुम्हाला समजलं नाही?"

आता मला सांगा, साखरेच्या बाईची साखर कमी कशी होते? पाण्यात बुडालेल्याला तहानेने मरताना बघितलंय कुणी? बाईंनी सांगितलं ते असं. इन्सुलिन साखर खाली ओढतं. पोटात अन्न कमी आणि चालणं जास्त झालं, तरी टोचलेलं इन्सुलिन थांबत नाही, ओढतच राहतं. धडधाकट माणसात अशा वेळी आतून दुसरा रस सुटतो, त्याचं नाव ग्लुकागॉन. तो यकृताला म्हणतो, साठवलेली साखर काढ बाहेर. आणि गंमत म्हणजे दोन्ही रस एकाच ठिकाणचे, पोटामागच्या स्वादुपिंडातले. एकाच कचेरीतून दोन उलटसुलट पत्रं निघतात हे मी कलेक्टरकडे बघितलेलं, पण माणसाच्या पोटातही तोच कारभार?

"आणि बरीच वर्षं इन्सुलिन घेणाऱ्यांची," बाई म्हणाल्या, "ही धोक्याची घंटा हळूहळू बंद पडते. साखर उतरली तरी ग्लुकागॉन सुटत नाही. सगुणाबाईंचं तसं झालेलं दिसतंय."

वर्षभराने ती दुसऱ्यांदा पडली, ह्या वेळी घरात. दात एवढे घट्ट बसलेले, की साखरपाणी द्यायची सोय नाही. आणि बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतलं तर ते छातीत जातं, हे बाईंनी आम्हाला दरडावून सांगून ठेवलेलं. म्हणून त्या म्हणाल्या, ग्लुकागॉनचं इंजेक्शनच जवळ ठेवा. पूड एका बाटलीत, पाणी पिचकारीत. दोन्ही एकत्र करून मांडीत टोचायचं. कसं टोचायचं ते मला शिकवलं, कारण धाकूचा हात कापायचा.

सांगणं सोपं. ठाण्यात ते औषध मिळेल तर शप्पथ! एका दुकानदाराने ग्लुकोजच्या पावडरीचा पुडा काढून दिला. दुसऱ्यानेही तोच. "ग्लुकोज नाही हो, ग्लुकागॉन!" "तेच ते, साहेब." मीसुद्धा घरी येईपर्यंत चाचपडत होतो, खरंच तेच तर नाही?

कोळीवाड्याच्या तोंडाशी हरिहर नावाच्या माणसाचं औषधांचं छोटं दुकान होतं. चष्मा नाकावर, बोलणं तोंडातल्या तोंडात. त्याला एकट्याला नाव कळलं. तीनदा मुंबईला प्रिन्सेस स्ट्रीटच्या औषधबाजारात खेपा घालून त्याने ती नारिंगी डबी आणली. सगुणाकडे फ्रीज नव्हता, म्हणून डबी त्याच्याच दुकानातल्या फ्रीजमध्ये राहिली. सगुणा जाता-येता दुकानाच्या काचेवर टकटक करायची. "हरिहरा, माजी डबी बरी हाय ना रं?"

"झोपलीय," तो आतून म्हणायचा.

त्र्याण्णवचं नवरात्र. चौथ्या माळेच्या सकाळी धाकूच्या हाका ऐकू आल्या. सगुणा चुलीपुढे आडवी, डोळे अर्धे उघडे, हाक मारली तर ओ नाही. मी दुकानाकडे पळालो, हरिहरने डबी हातात दिली, परत आलो, पूड विरघळवली, मांडीत टोचलं. धाकू घड्याळ धरून बसला. पाच मिनिटं. दहा. पंधरा. काही नाही. वीस मिनिटांनी सगुणाचा चेहरा राखेसारखा झाला तेव्हा तिला रिक्षात घातलं.

बाईंनी शिरेतून ग्लुकोज सोडलं. सलाईन अर्धंही गेलं नसेल, सगुणाने डोळे उघडले आणि विचारलं, "पाटी कुटं हाय?"

धाकू रडायला लागला. मी भिंतीला टेकून उभा राहिलो. आणि तिथेच माझ्या डोक्यात तो प्रश्न घुसला. औषध टोचलं, बरोबर टोचलं, तरी ती उठली का नाही? ते इंजेक्शन बिनकामाचं असेल, तर पुढच्या वेळी हिला वाचवणार कोण?

बाईंनी धाकूला विचारलं, "उपवास होता का?"

"नाय बाई. उठता-बसता करते ती. पयल्या दिवशी झाला, आता शेवटच्या दिवशी. आदीमदी नाय."

बाईंनी ते लिहून घेतलं. मी विचारलं, "औषध चांगलं असतं, तर उठायला पाहिजे होती ना?"

"हो, सहसा उठतात."

मी 'हो' ऐकलं. 'सहसा' ऐकलंच नाही.

हरिहरच्या फ्रीजचं दार सुतळीने बांधलेलं असायचं. कोळीवाड्यात लाइट तर आठवड्यातून दोन-तीनदा जायची. मला वाटलं, सापडला चोर. संध्याकाळपर्यंत पत्रकं छापून घेतली: 'सडलेलं औषध विकणाऱ्याला जाब विचारा!' पाचव्या माळेला चाळीस माणसं घेऊन दुकानावर गेलो.

हरिहर काउंटरमागे उभा राहिला. म्हणाला, "उत्तमराव, ते फ्रीजबाहेरही काही महिने टिकतं. डबीवर लिहिलंय. आतला कागद वाचा, एकदा वाचून बघा."

पुरावा म्हणून नेलेल्या रिकाम्या डबीतला कागद मी उलगडला, तर इंग्रजीत. मुंगीएवढी अक्षरं. चाळीस माणसं माझ्याकडे बघत होती. मी तो कागद चुरगाळला आणि त्याच्या अंगावर फेकला. "इंग्रजीचा धाक मला दाखवतोस? बाई मरता मरता वाचली आणि तू कागद वाचायला सांगतोस?"

मागून कुणीतरी फ्रीजच्या काचेवर दगड मारला. मी मारला नाही. पण थांबवलंही नाही. हरिहरने वाकून तो चुरगाळलेला कागद उचलला, हाताने सपाट केला आणि खिशात घातला. दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं नाही.

सहाव्या माळेला सगुणाला तपासायला न्यायचं होतं. मी बरोबर गेलो. पत्रकांचा गठ्ठा पिशवीत, छाती पुढे. बाईंनी रक्त तपासलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. साखर पुन्हा खाली. "जेवता ना नीट?"

"जेवते."

बाईंना काही उलगडेना. त्यांनी पुस्तक काढलं, पानं उलटली, पुस्तक मिटलं. मग सगुणाला समजावं म्हणून 'यकृत' हा शब्द सोडून साध्या भाषेवर आल्या. "हे बघा सगुणाबाई. ते इंजेक्शन स्वतः साखर देत नाही. ते फक्त काळजाला हुकूम देतं. मला वाटतं, तुमच्या काळजात त्या दिवशी काहीच नव्हतं."

सगुणा खुर्चीतून उठली.

"काय बोललीस? माज्या कालजात काय नाय?"

"अहो, तसं नाही..."

"माज्या पोरीचे, जनीचे दोन येलेला गर्भ गेले. तिसऱ्या येलेला सातवा लागलाय तिला. नव दिस पान्यावर राहीन, पन जनीचं पोर राख, असं एकवीरेला बोललंय मी! दादल्याला सांगितलं नाय, पानातलं माजरीला घालते. पान्यावर हाय मी, पान्यावर! आनि तू शिकलेली बाय मना बोलतेस, माज्या कालजात काय नाय?"

धाकू तोंड उघडं टाकून बायकोकडे बघत राहिला. "अगो... उठता-बसता ना?"

"ते गेल्या साला!"

बाई हळूच खाली बसल्या. "आणि सुई?"

"सुई चुकवली नाय," सगुणा ताठ मानेने म्हणाली. "तुजी शपत घेतलेली. पुरी टोचली, दोन्ही येलेला."

देवीचीही शपथ पाळली, डॉक्टरचीही पाळली. एकीलाही दगा दिला नाही. तिने कुठे खोटं वागलं म्हणायचं? मी आयुष्यभर शब्द मोडणाऱ्यांशी भांडत आलो. शब्द पाळणारं माणूस त्यानेच मरणाच्या दारात जातं, ह्याच्याशी कसं भांडायचं?

बाईंनी लिहायला कागद मागितला. माझ्या पिशवीत पत्रकांशिवाय दुसरा कागद नव्हता. मी त्यातलंच एक काढून दिलं. त्यांनी ते उलटं केलं आणि कोऱ्या बाजूवर एक चौकोन काढला.

"ही यकृताची एक पेशी. अशा कोट्यवधी. ग्लुकागॉन रक्तातून येतं, पण पेशीच्या आत जात नाही. दारावर त्याच्याच मापाची कडी असते, ती वाजवतं. बस्स. आत दुसरा निरोप्या तयार होतो, एक नाही, पुष्कळ. ते पुढच्याला जागं करतात, तो त्याच्या पुढच्याला. एका टकटकीने हजारो हात कामाला लागतात."

हे मला कळलं. मी म्हटलं, अर्ज आवक-जावकच्या खिडकीवरच राहतो, साहेबाच्या खोलीत कधी जात नाही. आत शिपाई फिरतो, कारकून उठतो, कपाट उघडतं. अर्ज बाहेरच.

"बरोबर," बाई म्हणाल्या. "त्या कपाटात साखरेच्या लांबच लांब माळा असतात. ते हात माळा तोडून एकेक मणी रक्तात सोडतात. त्याच वेळी नवीन माळ ओवणाऱ्यांना सांगितलं जातं, काम बंद. एक-दोन दिवसांच्या कडक उपवासात कपाट रिकामं होतं. मग यकृत दुसरीकडून जुळवाजुळव करून साखर बनवतं, स्नायूंतून, चरबीतून येईल त्यातून. पण ते काम संथ. आणि इथे बाहेरून टोचलेलं इन्सुलिन उलटा हुकूम घेऊन दारात उभं, की बनवू नका."

"म्हणजे कडी वाजली?" मी विचारलं.

"वाजली. औषध चांगलं असेल तर आतला निरोपही गेला. हातही उठले असतील."

"पण कपाटात..."

"काही नव्हतं."

मला कळल्यासारखं वाटे आणि पुन्हा निसटे. औषध चांगलं, टोचणं बरोबर, निरोप पोचला, आणि तरी काही नाही? चूक कुणाचीच नसताना माणूस मरतो कसा? मी परत परत तोच प्रश्न विचारत राहिलो. शेवटी सगुणाच वैतागली.

"उत्तमा, तुज्या डोक्यात भुसा हाय. मुशी बगितलीस ना, ती चामडीची? तिचं कालीज ह्येवढं!" तिने दोन्ही हात पसरले. (मुशी म्हणजे छोटा शार्क, एवढं मलाही ठाऊक.) "तेलाने भरलेलं. पन उपाशी मुशी जाळ्यात आली, की कालीज सुकलेलं, वाळल्या चिंचेसारखं. कितीपन दाब, तेल येल का? तसं माजं झायलं."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "मी इतकी चित्रं काढली," त्या म्हणाल्या, "हे एकच वाक्य पुरलं असतं."

"मग आदी बोलायचंस ना, कालीज म्हंजे पोटातलं," सगुणा गुरकावली. "मना वाटलं, तू माज्या मायेवर बोलतेस."

बाईंच्या टेबलावर, त्यांनी कंपनीकडून मागवलेल्या दुसऱ्या डबीतला कागद होता. तोच, मुंगीच्या अक्षरांचा. मी म्हटलं, वाचून दाखवा. त्यांनी मराठीत सांगितलं. फ्रीजबाहेर काही महिने टिकतं. आणि पुढे, उपाशी राहिलेल्या माणसावर परिणाम होईलच असं नाही, अशा वेळी शिरेतून ग्लुकोज द्यावं.

हरिहर हेच वाचायला सांगत होता. दोन ओळी. मला इंग्रजी येत नाही, हे चाळीस माणसांसमोर बोललो असतो तर काय बिघडलं असतं? आज विचारतो. त्या दिवशी नाही विचारलं.

सगुणाने त्याच दिवशी दवाखान्यात चहा घेतला, साखर घालून, बाईंनी मोजून दिलेली. पण नवसाचं काय? ती हटून बसली. "देवीला काय सांगू? जनीचं काय झायलं तर?" माझं तर तिने ऐकलंच नसतं. आठव्या माळेला तिने मिश्रीची डबी खाडीत फेकली. पंधराव्या वर्षापासून दातांना लावलेली तंबाखूची मिश्री! धाकूला म्हणाली, "उपासापेक्षा हे कठीन हाय. देवीला हिशोब कळतो."

जनीला मुलगी झाली. नाव शेवंती. आजी तिला पाटीत बसवून अंगणात फिरवते. हे देवीमुळे की डॉक्टरमुळे, ह्या वादात मी पडत नाही. मला आधीचंच निस्तरेना.

मी हरिहरकडे गेलो. नवव्या माळेला गेलो, दसऱ्याला गेलो, दिवाळीत गेलो. शटर खाली. मग एक दिवस दुकानाची पाटीही उतरवलेली. शेजारचा शिंपी म्हणाला, शहाडला मेव्हण्याकडे गेला. शहाडला स्टेशनापासून नदीपर्यंत विचारत गेलो, कुणाला नाव ठाऊक नाही. कुणी म्हणालं डोंबिवलीला, मानपाड्याला कारखान्यांच्या बाजूला दुकान टाकलंय. तिथली प्रत्येक औषधांची पाटी वाचली. तो नव्हता. मोर्चा काढून माणूस हलवायला मला एक दिवस लागला. परत शोधतोय, त्याला दोन वर्षं झाली.

आणि इथे सगुणा अजून तशीच आहे. आता उपास करत नाही, पदराच्या गाठीला गुळाचा खडा असतो, तरी साखर कधी घसरते ते तिचं तिला कळत नाही. आतली घंटा वाजतच नाही. कपाट भरलेलं असलं, की ते इंजेक्शन काम करतं. गेल्या वैशाखात केलं. मी टोचलं आणि बारा मिनिटांत तिने मला शिवी दिली. बाईंनी कंपनीकडून मागवलेली ती शेवटची डबी होती. मोर्च्यानंतर ठाण्यातला एकही दुकानदार हे औषध ठेवायला तयार नाही. म्हणतात, "नको बाबा, उद्या काम नाही केलं तर दगड खायचे कुणी?" प्रमोदिनीबाईही हात टेकून बसल्यात. कंपनी म्हणते, दुकानदाराकडून मागणी यायला हवी.

सगुणा अजूनही त्या बंद शटरपाशी थांबते. काच नाही तर पत्र्यावर टकटक करते. आतून कुणी 'झोपलीय' म्हणत नाही.

म्हणून तुम्हाला विचारतो. शहाड, कल्याण, डोंबिवली, कुठेही एखाद्या छोट्या औषधांच्या दुकानात नाकावर चष्मा ठेवून तोंडातल्या तोंडात बोलणारा हरिहर दिसला, तर माझं नाव आधी घेऊ नका, तो आत जाईल. त्याला एवढंच सांगा, कागद वाचून झाला, त्याचं बरोबर होतं. आणि सगुणाची डबी संपलीय. हे सांगाल ना? आजच सांगा.